गूळ परतताना घ्यावा

तीन दिवसांच्या कोल्हापूर-मालवण सहलीत जेवणं होतात नऊ. घरच्या ग्रुपवर जमलेल्या यादीत पदार्थ असतात सव्वीस. ही यादी उपाशीपोटी केली जाते की भरल्या पोटी, यावर माझं मत अजून बनलेलं नाही, पण गाडीत बसणाऱ्या पोटांकडे बघून केलेली नसते एवढं नक्की. त्यात कुणीतरी लिहितं, 'वाटेत सगळं थेट शेतकऱ्याकडूनच घेऊ या', आणि त्याखाली सहा अंगठे उभे राहतात. झालं! आता गुऱ्हाळ हवं, काजूची बाग हवी, हापूसची कलमं हवीत, आमसुलं वाळत घातलेलं अंगण हवं, आणि हे सगळं दुसऱ्या शनिवारला जोडून हवं.

सध्या भौगोलिक मानांकनाची (GI, म्हणजे ठरावीक प्रदेशाच्या मालाला मिळणारी सरकारी ओळख) यादी समोर ठेवून मार्ग आखायची टूम आहे. कोल्हापूरचा गूळ 2014, आजरा घनसाळ तांदूळ, वेंगुर्ल्याचा काजू आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीचं कोकम 2016, कोकणचा हापूस 2018. पंढरपूर-तुळजापूर-अक्कलकोट करावं तशी ही स्थळं लोक ओळीने लावतात. पण मानांकनात गाव असतं, महिना नसतो. देव बारा महिने जागेवर असतो, ऊस नसतो.

गुऱ्हाळं दिवाळीच्या मागेपुढे पेटतात आणि मार्च सरता सरता बहुतेक चुलवाणं (रस आटवायच्या चुली) गार होतात. ओले काजूगर फेब्रुवारी ते एप्रिल. हापूस खऱ्या अर्थाने एप्रिल-मे. कोकमंही त्याच सुमाराला, आणि पाऊस लवकर आला तर तीही गेली. 'मग जूनमध्ये जाऊ, गर्दी नसते' असं म्हणणारा एक जण प्रत्येक घरात असतो. त्याला सांगावं की 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत मालवणात ताटात येणारा मोठा मासा बहुधा बर्फातून उठून आलेला असतो.

सगळ्या तारखा एकावर एक ठेवल्या की उरतो मार्चचा दुसरा पंधरवडा. शेवटची गुऱ्हाळं चालू, ओले काजूगर भरात, पहिला हापूस बाजारात (भाव ऐकून परत ठेवण्यापुरता). कोकम मात्र नाही, ते विसरायचं. आणि नेमक्या याच पंधरवड्यात घरात कुणाचा तरी दहावीचा भूगोलाचा पेपर असतो आणि कुणाचं तरी ऑफिस वर्षअखेरीत बुडालेलं असतं. निसर्गाने दिलेली एकमेव तारीख बोर्ड आणि आयकर खातं मिळून काढून घेतात.

तारीख मिळालीच तर वार. एकाचा सोमवार, एकीचा गुरुवार, तिसऱ्याचा शनिवार, आणि मालवणात पोहोचायच्या दिवशी संकष्टी. माशांसाठी काढलेल्या सहलीत सुरमईच्या ताटासमोर बसून साबुदाण्याची खिचडी शोधणारा माणूस बघवत नाही. म्हणून हॉटेलं बघायच्या आधी घरातले उपास कागदावर मांडावेत, हा माझा पहिला नियम.

आता गुऱ्हाळ. इथे सगळ्यांत जास्त वेळ फुकट जातो, म्हणून जरा थांबतो. गुऱ्हाळ म्हणजे काही दुकान नव्हे, की गेलं, बघितलं, निघालं. काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, रस चढला की गूळ व्हायला अडीच-तीन तास लागतात, याला एक आधण म्हणतात. पाहुणे हटकून आधण नुकतं चढलेलं असताना पोहोचतात. तेव्हा काहिलीत हिरवट-मातकट पाणी आणि वर मळी. गूळ करणारा गुळव्या त्यात भेंडीचा रस घालून ती मळी वर आणतो आणि झाऱ्याने काढत राहतो. फोटोत हे नाल्यासारखं दिसतं. मुलं विचारतात, 'गूळ कुठाय?' पंधरा मिनिटांनी सगळे एकेक ग्लास रस पिऊन निघून जातात, आणि बघण्यासारखं जे असतं ते त्यानंतर दोन तासांनी घडतं.

ते असं. फेस चढतो, पिवळा होतो, मग बसतो आणि बुडबुडे जड होऊन फट् फट् फुटायला लागतात. 105-106 अंशांच्या आसपास काकवी काढून घेतात. 116 ते 118 अंशांवर गूळ. गुळव्याकडे थर्मामीटर असेल-नसेल, पण शेजारी गार पाण्याचं भांडं असतं. त्यात थेंब सोडायचा, बोटांनी गोळा करायचा आणि भांड्याच्या कडेवर मारायचा. 'टक्' वाजला की काहील उतरवायची, तीही त्याच क्षणी. चार माणसं लागतात आणि त्या वेळी वाटेत सेल्फी घेणारा पाचवा चालत नाही. म्हणून आदल्या दिवशी फोन करावा, आणि 'चालू आहे का?' एवढ्यावर न थांबता 'आधण किती वाजता उतरतं?' असं विचारावं. आदल्या रात्री अवकाळी पाऊस झाला असेल तर पुन्हा फोन करावा. चुलवाण उसाच्या वाळक्या चिपाडांवर चालतं. चिपाडं भिजली की गुऱ्हाळ बंद.

रंगाबद्दल थोडं. पिवळाधमक, सोन्यासारखा गूळ बघून हुरळू नये. तो रंग बहुतेकदा हायड्रॉस पावडरीची (रंग उजळवणाऱ्या रसायनाची) कृपा असते आणि तीही आपण गिऱ्हाइकंच मागतो म्हणून. तांबूस-तपकिरी ढेप घ्यावी. शंभर किलो उसातून दहा-बारा किलोच गूळ निघतो हे लक्षात ठेवलं तर घासाघीस करताना आपसूकच आवाज खाली येतो.

आणि ही ढेप तिथे, त्या दिवशी घ्यायची नाही. सहलीचं सगळं नियोजन या एका गोष्टीवर पालथं होतं. गूळ हवेतलं पाणी ओढतो. कोल्हापुरात खणखणीत असलेली ढेप मालवणच्या दमट हवेत दोन रात्री डिकीत राहिली की तिला पाझर फुटतो, आणि परत येईपर्यंत बॅगेच्या तळाशी काकवी तयार. कोमट ढेप प्लास्टिकमध्ये बांधली तर कोकणात जायचीही गरज नाही, वाफ धरून ती घाटाच्या आधीच घाम गाळते. गूळ परतताना घ्यावा, गार झालेला, कागदात आणि वर कापडात.

पोटाचं वेळापत्रकही असंच उलटसुलट असतं. कोल्हापूरची मिसळ सकाळची, तांबडा-पांढरा दुपारचा, आणि गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं धारोष्ण दूध अंधार पडल्यावर. प्रत्येक गोष्ट आपल्या जागी उत्तम. पण कट घालून दोन प्लेटा मिसळ, त्यावर ताक, आणि लगेच आंबोली घाट, हे मागच्या सीटवर मधे बसलेल्या माणसाला विचारून ठरवावं. मिसळ आणि घाट यांच्यात दोन तास ठेवा. ते दोन तास आजऱ्यात घनसाळ घेण्यात सहज जातात. तिथे एकच प्रश्न विचारायचा: 'नवा की जुना?' नवा तांदूळ शिजवला की गिच्च होतो आणि मग घरी येऊन लोक आजऱ्याला नावं ठेवतात. आणि हो, मोबाइलवरचा नकाशा घाटात जी वेळ सांगतो त्यात पाऊण तास आपला घालावा. त्याला पुढे उसाचा ट्रॅक्टर असतो हे ठाऊक नसतं.

घाट उतरलं की खरेदीचा ताबा सुटतो. ओले काजूगर शेकड्यावर मिळतात आणि सोललेलेच घ्यावेत. 'बी आणू, घरी सोलू' म्हणणाऱ्याने बोटांचा विचार करावा. टरफलातलं तेल कातडी जाळतं, गावातल्या बायका हाताला राख किंवा तेल लावून बसतात ते उगाच नाही. सोललेले गर दुसऱ्या दिवशी आंबूस होतात, म्हणजे ते घ्यायचे निघायच्या सकाळी आणि न्यायचे बर्फाच्या डब्यात. त्या डब्यात आधीच कुणीतरी मासे भरलेले असतात. इथे जे बोलणं होतं ते लिहिण्यासारखं नसतं.

आमसुलं मऊ आणि काळसर-जांभळी असावीत. अंगावर पांढरे कण दिसत असतील तर आपण आमसुलाच्या भावाने मीठ घेतो आहोत. आगळ (कोकमाचा घट्ट रस) आणि सरबत यांच्या बाटल्या जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. आगळात मीठ, सरबतात साखर. चिठ्ठी न लावता आणल्या की कुणाची तरी सोलकढी गोड होते आणि पाहुण्याला सरबत म्हणून खारं पाणी मिळतं. बाटली उभी ठेवावी, झाकणाखाली प्लास्टिक ताणून, आणि पांढऱ्या कपड्यांच्या बॅगेपासून लांब.

एप्रिलची तारीख साधली असेल तर मग हापूस. पेटी म्हणजे माप नव्हे, फळ मोठं की डझन कमी. म्हणून भाव डझनाचाच विचारावा. कच्चे घ्यावेत, पेंढ्यात आठ-दहा दिवसांत पिकतात. उन्हात उभ्या गाडीच्या बंद डिकीत पेटी ठेवली तर आंबे पिकण्याऐवजी शिजतात. साका (आतला पांढरट, न पिकलेला गर) निघणार की नाही हे मात्र बाहेरून ब्रह्मदेवालाही कळत नाही, तेव्हा बागवाल्याला शपथ घालू नये.

शेवटी डिकी. खाली तांदूळ, त्यावर बॅगा, आंब्यावर काहीही नाही, बर्फाचा डबा हाताशी, आणि ढेपेसाठी परतीची जागा मोकळी. ही जागा कुणीतरी दुसऱ्या पेटीने भरतंच. सगळं चपखल बसलं की कौतुकाने दार लोटलं जातं, आणि या सगळ्याच्या खाली, अगदी तळाला, स्टेपनी असते. टायरमधली हवा सामान भरायच्या आधी बघायची होती, हे घाटातल्या तिसऱ्या वळणावर आठवतं. मग रस्त्याच्या कडेला एकेक काढायचं: पेटी, पेटी, बाटल्या, बॅगा, घनसाळ, डबा. सगळं ओळीने मांडून जॅक लावावा, तर मागून येणारी गाडी हळू होते, काच खाली जाते आणि आतून आवाज येतो, 'दादा, पेटी कशी दिली?'