संत्र्याचा रिपोर्ट निगेटिव्ह, मग पुरळ कशाचं? : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. तिखट आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून खाली दोन ओळी खरडण्याऐवजी वेगळं उत्तर लिहितेय.

बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात. फळांच्या ॲलर्जीवरच्या लेखात मी लिहिलं होतं की उगाच खात्री म्हणून सगळ्या पदार्थांचं पॅनल, म्हणजे एकाच रक्तावर कितीतरी पदार्थांची ॲलर्जी बघणारी तपासणी, करून घेऊ नका. त्यावर या ताईंचं म्हणणं असं: त्यांच्या मुलाला संत्र्याच्या दिवसांत बोटांवर आणि ओठांच्या कडेला पुरळ उठतं. पॅनल केलं तर संत्रं निगेटिव्ह, आणि केळी, गहू, शेंगदाणे पॉझिटिव्ह. हे तिन्ही तो आधी रोज खायचा, कधी तक्रार नव्हती. आता तिन्ही बंद आहेत आणि पुरळ जसंच्या तसं. पुढे त्या विचारतात, "रक्त खोटं बोलतं का? आणि तपासणी करू नका म्हणून लोकांना काहून भरकटवता? उद्या कुणाचं पोर दगावलं म्हणजे?"

तपासणी करू नका असं मी कुठेच लिहिलेलं नाही. तपासणीच्या आधी प्रश्न हवा, एवढंच माझं म्हणणं आहे आणि ते मी सोडणार नाही. माझी नोकरी पॅथॉलॉजी लॅबमधली. नळी हातात येते तेव्हा तिच्यावर नाव, वय आणि तपासणीचा कोड असतो. मुलगा काय खाऊन आजारी पडला, किती वेळात पडला, हे नळीवर लिहिलेलं नसतं.

मशीन काय करतं ते सांगते. संत्र्यातली प्रथिनं एका बारीक स्पंजासारख्या वस्तूवर चिकटवलेली असतात. त्यावर तुमच्या मुलाचं सीरम, म्हणजे रक्तातला पेशी काढून उरलेला पातळ भाग, सोडतात. त्यात संत्र्याला ओळखणारी आयजीई प्रतिपिंडं (झटपट उठणाऱ्या ॲलर्जीमागची रक्तातली प्रथिनं) असली तर ती तिथे धरून बसतात, बाकीचं धुऊन जातं. किती बसली ते दुसऱ्या, खूण लावलेल्या प्रतिपिंडाने मोजतात. आकडा 0.35 (किलोयुनिट प्रति लिटर) च्या वर गेला की जुन्या हिशेबाने पॉझिटिव्ह, मग पुढे 6 पर्यंतचे क्लास. आकडा खराच असतो. पण त्याचा अर्थ एवढाच, की रक्त या प्रथिनाला ओळखतं. ओळखतं म्हणून भांडतंच असं नाही.

या तपासणीच्या मुळाशी 1921 चा एक प्रयोग आहे, आणि तो माझ्याच बाजूने बोलतो. जर्मनीत प्राउसनिट्झ आणि क्युस्टनर हे दोन डॉक्टर होते. क्युस्टनरला शिजवलेला मासा चालत नसे. त्याचं सीरम प्राउसनिट्झच्या कातडीत टोचलं, दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, आणि तिथे गांधी उठली. रक्तातून काहीतरी एका माणसातून दुसऱ्यात जातं हे तेव्हा कळलं. त्या 'काहीतरी'ला आयजीई हे नाव मिळायला 1968 उजाडलं. पण बघा, क्युस्टनरला आपल्याला काय बाधतं हे आधीच पक्कं माहीत होतं. शेकडो पदार्थ टोचून मासा सापडला नव्हता.

आता तुमचं केळं आणि गहू. ऑक्टोबरात मुलाचं नाक गळतं असंही तुम्ही ओझरतं लिहिलंय. पावसाळा संपता संपता आपल्याकडे रिकाम्या प्लॉटवर कंबरेएवढं गवत माजतं आणि फुलतं. गवताच्या परागकणांतली काही प्रथिनं गव्हातल्या प्रथिनांशी मिळतीजुळती असतात. प्रोफिलिन नावाचं एक प्रथिन तर परागकणांत, केळ्यात, खरबुजात, अशा कितीतरी ठिकाणी जवळजवळ एकाच साच्याचं असतं. परागकणांविरुद्ध तयार झालेली आयजीई मग स्पंजावरच्या केळ्यालाही जाऊन चिकटते. रिपोर्टवर केळं पॉझिटिव्ह, आणि पोरगं रोज केळं खाऊन शाळेत जातंय! तुमच्याकडे नेमकं हेच झालंय अशी मी ग्वाही देत नाही, पण रोज बिनतक्रार खाल्लेल्या पदार्थाबाबत पहिला संशय हाच घ्यायचा.

शेंगदाण्याला मात्र मी इतकं हलक्यात घेत नाही. त्यात 'अरा एच 2' नावाचं एक प्रथिन आहे, त्याची आयजीई वेगळी मोजता येते, आणि खऱ्या ॲलर्जीकडे ती जास्त नेमकं बोट दाखवते. ते डॉक्टरांना विचारा.

संत्र्याचा निगेटिव्ह रिपोर्टही बहुधा बरोबरच आहे. तुम्हीच लिहिलंय की संत्रा बर्फी आणि सोललेल्या फोडी तो मजेत खातो, आणि पुरळ उठतं ते दुसऱ्या दिवशी, बोटांवर आणि ओठांच्या कडेला. म्हणजे फळ पोटात गेल्यावर नाही, तर साल जिथे लागते तिथे. आपल्या संत्र्याची साल ढिली, पोरं नखाने नाहीतर दातानेच सोलतात. ती साल मेणबत्तीजवळ दुमडून पिळली की बारीक फवारा पेटतो, चटचट आवाज येतो. लहानपणी नागपुरात हा उद्योग कुणी केला नसेल? तो फवारा म्हणजे सालीतलं तेल, त्यात मुख्यतः लिमोनिन. हवा लागून लिमोनिन बदललं की काहींच्या कातडीला त्याची ॲलर्जी होते. काहींची कातडी नुसत्या आंबट रसाने किंवा तेलानेही चुरचुरते, ती ॲलर्जीसुद्धा नसते. कातडीची ही उशिरा उठणारी ॲलर्जी टी पेशींचं (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींचं) काम, आयजीईचा तिथे संबंध नाही. त्यासाठी पॅच टेस्ट असते: पाठीवर पट्ट्या लावतात, 48 तासांनी काढून बघतात, आणि नंतर पुन्हा एकदा बघतात. रक्तात हे सापडणारच नाही, कितीही महाग पॅनल करा.

आंब्याच्या चिकाचंही असंच. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. "पूर्वी कुठे होत्या ॲलर्ज्या?" असंही तुम्ही विचारलंय. बिब्बा उतला, म्हणजे त्याच्या तेलाने कातडी फोडांनी भरली, की काय होतं ते घरातल्या जुन्या बायांना विचारा, त्या हात दाखवून सांगतील.

आता "पोर दगावलं म्हणजे" याबद्दल. इथे मी तुमच्याच बाजूची आहे. फळ खाल्ल्यावर काही मिनिटांत ते साधारण दोन तासांत अंगभर गांधी, ओठ-जीभ सुजणं, आवाज बसणं, खोकला, दम, उलट्या, चक्कर असं काही झालं तर घरी थांबायचं नाही. ताबडतोब दवाखाना गाठायचा. तिथे पहिलं औषध मांडीत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन, सेट्रिझिन नव्हे. अशा मुलाची तपासणी करायलाच हवी, पण संशय असलेल्या फळाची. रक्ततपासणीचा एक फायदा मला मान्य आहे: ॲलर्जीच्या गोळ्या चालू असल्या किंवा सगळ्या अंगावर इसब असलं तरी ती करता येते, टोचून करायच्या चाचणीचं तसं नाही. मात्र फळांची काही प्रथिनं फार नाजूक. अर्क बनवतानाच ती मोडतात आणि रिपोर्ट निगेटिव्ह येतो. म्हणून डॉक्टर कधी कधी ताज्या फळात सुई टोचून तीच कातडीला टोचतात. तेवढ्यानेही उलगडा झाला नाही तर रुग्णालयात, देखरेखीखाली, थोडं थोडं खाऊ घालून बघतात. सगळ्यात भरवशाची चाचणी हीच. घरी करून बघायची नाही.

आणि तुमच्या वहिनींनी केलेलं ते शेकडो पदार्थांचं आयजीजी पॅनल? ते सोडूनच द्या. आयजीजी ही वेगळ्या प्रकारची प्रतिपिंडं, ती म्हणजे तो पदार्थ आपण खातो एवढाच पुरावा. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने 2008 मध्येच ते निदानासाठी वापरू नका असं सांगितलंय.

तुम्ही आता काय करावं, ते विचारलंत म्हणून. सध्या साल दुसऱ्या कुणीतरी काढावी, मुलाच्या हाती धुतलेल्या फोडी द्याव्यात. पुरळाचे फोटो तारीख-वेळेसकट ठेवा आणि नागपुरातल्या मेडिकलच्या किंवा मेयोच्या (दोन्ही सरकारी रुग्णालयं) त्वचारोग विभागात पॅच टेस्टबद्दल विचारा. केळं, गहू आणि शेंगदाणे उद्यापासून आपल्या मनाने सुरू करू नका. चालणारा पदार्थ बरेच महिने बंद ठेवला की काही मुलांना, विशेषतः इसब असलेल्यांना, पुन्हा देताना खरीच रिॲक्शन येऊ शकते. रिपोर्ट घेऊन ॲलर्जीच्या किंवा मुलांच्या डॉक्टरांकडे जा, "हे तिन्ही तो आधी रोज खायचा" हे वाक्य सगळ्यात आधी सांगा, आणि कोणता पदार्थ कुठे, किती सुरू करायचा ते त्यांच्याकडून लिहून घ्या.