खुलासा: ‘डॉट ५’ ब्रेक ऑइल भरल्याने पिकअपचे ब्रेक सुधारत नाहीत

‘डॉट ४ काढून डॉट ५ भरा, घरच्या घरी ब्रेक दमदार’ असा मेसेज पिकअपवाल्यांमध्ये फिरतोय. डॉट ३, ४, ५ हे ब्रेक ऑइलचे प्रकार; आकडा मोठा म्हणून ऑइल सरस, हा हिशेब इथे चालत नाही.

डॉट ३, ४ आणि ५.१ ही ग्लायकॉलची, म्हणजे पाणी शोषणारी ऑइलं. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं, सहसा जांभळं, आणि ते बाकीच्यांत मिसळत नाही. कितीही निथळा, नळ्यांत आणि कॅलिपरमध्ये (चाकाजवळच्या ब्रेक आवळणाऱ्या भागात) जुनं ऑइल थोडं उरतंच. वर सिलिकॉन पाणी शोषत नाही. आत शिरलेलं पाणी तळाशी साचतं, तिथे गंज धरतो. पेडलही स्पंजी लागतं.

नवं डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी प्यायलेलं १५५ ला. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडतं. भरल्या गाडीने कसारा घाट उतरताना पेडल एकदम मऊ पडलं, तर आधी जुन्या ऑइलवर संशय घ्या. पेडल कडक पण गाडी थांबत नाही, तर लायनर (ब्रेकचं घासणारं अस्तर) तापलेत. तिथे ऑइल बदलून काय होणार? खालचा गिअर टाका.

ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर छापलेलंच ऑइल, सीलबंद डब्यातलं, भरा. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला बऱ्याचदा गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा स्कॅनर लागतो; ते काम गॅरेजचं.