महाग सेट घेतला म्हणून क्लिपा लपत नाहीत

तुळशीचं लग्न लागलं की नाशिकच्या नवऱ्या मुलींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. त्याचं म्हणणं असं: क्लिप-इन एक्स्टेन्शनचा, म्हणजे कापडी पट्टीवर शिवलेल्या आणि क्लिपांनी आपल्या केसांत अडकवायच्या जोडकेसांचा, फुगवटा दिसतो, कारण सेट स्वस्तातला असतो. खऱ्या केसांचा महाग सेट घ्या, रंग मुळांशी जुळवा, पहिली पट्टी भांगाजवळ लावा, सगळ्या पट्ट्या वापरा आणि केसांना थोडं तेल लावा, क्लिपा चपट्या बसतील. लग्नाआधी केशरचनेच्या ट्रायलला येणाऱ्या मुली हाच मेसेज दाखवतात. त्यातली पहिली गोष्ट अर्धी खरी आहे. बाकीच्या सरळ उलट्या आहेत.

खऱ्या केसांचा सेट आपल्या केसांत चांगला मिसळतो आणि त्यावर केस सरळ करायची इस्त्री फिरवता येते, हे मान्य. साधा सिंथेटिक सेट इस्त्रीखाली वितळतो, आणि आपल्याकडच्या डिसेंबरच्या कोरड्या थंडीत ड्रेसला चिकटत राहतो. पण फुगवट्याचा किमतीशी संबंध नाही. उलट वजनदार महाग सेटमध्ये केसांचे दोन-तीन पदर एकावर एक शिवलेले असतात, त्यामुळे तो कधी कधी जास्तच वर उचललेला दिसतो.

फुगवटा येतो कुठून? बहुतेक वेळा दोन क्लिपांच्या मधल्या ढिलाईतून. पट्टी डोक्याच्या ज्या भागावर लावायची त्यापेक्षा रुंद असली की मधलं कापड कमानीसारखं वर येतं, वरून कितीही केस सोडा. म्हणून आधी पट्टी नुसती धरून मापायची. रुंद वाटली तर कमी क्लिपांची घ्यायची, नाहीतर एक क्लिप उसवून आत सरकवायची आणि पुन्हा टाके घालायचे. लावताना मधली क्लिप पहिली, मग कडेच्या, पट्टी ताणून न धरता. कडेकडून सुरुवात केली की सगळी ढिलाई मध्येच जमते.

तेलाचं तर बोलायलाच नको. क्लिपेच्या दातांना धरायला काहीतरी खरखरीत लागतं, तेल लावलेल्या केसांवरून ती तासाभरात घसरते. टेल कोंबने, म्हणजे टोकदार दांड्याच्या कंगव्याने, आडवी रेघ पाडायची, रेघेखालच्या केसांना मुळाशी बोटभर बॅककोंबिंग करायचं, म्हणजे कंगवा मुळांकडे उलटा फिरवून केस गुंतवायचे, वर हेअरस्प्रेचा हलका फवारा. त्या गुंत्यात दात खालून वर सरकवायचे आणि कट्‌ आवाज येईपर्यंत दाबायचं. धुतल्या दिवशीचे मऊ केस असतील तर एवढं करूनही पकड कमीच मिळते, आदल्या दिवशी धुतलेले बरे.

भांगाजवळची पट्टी गंगापूर रोडच्या लॉन्सवर संध्याकाळी वारा सुटला की उघडी पडते. भांगापासून निदान दोन बोटं खाली थांबायचं आणि कानशिलापाशीही तेवढीच जागा सोडायची. डोक्यावरचे केस विरळ असतील तर आणखी खाली.

रंग मुळांशी का जुळवायचा, हे मला कधीच कळलं नाही. मुळं तर पट्टीवर पसरलेल्या आपल्याच केसांची असतात, एक्स्टेन्शनला लागून दिसतात ती टोकं. मेंदी लावणाऱ्यांची टोकं बऱ्याचदा तांबूस असतात, त्यामुळे शेड टोकांना लावून बघायची, तीही दिवसाच्या उजेडात.

सगळ्या पट्ट्या वापरायचा हट्टही नको. खांद्यापर्यंत कापलेल्या केसांत खरी चुगली करते ती पायरी, म्हणजे आपले केस जिथे संपतात तिथली जाड आडवी कड. आणखी पट्ट्या लावल्या की ती अजून उठून दिसते. मानेवरच्या केसांच्या दोन बारीक वेण्या घालून त्या पिनांनी चपट्या बसवायच्या आणि सगळ्यात खालची पट्टी त्यांच्यावर अडकवायची. मग एक्स्टेन्शन डोक्यावर असतानाच चेहऱ्याजवळची टोकं लेअरमध्ये कापून घ्यायची. हे काम पार्लरवालीकडूनच.

नऊवारीवर अंबाडा घालणार असाल तर हा खटाटोपच नको. जुनं गंगावन वेणीत गुंफलं जातं, त्याला चपटं बसावंच लागत नाही. आणि संगीताच्या रात्री लावलेले क्लिप-इन लग्नाच्या सकाळपर्यंत तसेच ठेवून झोपा, असं मेसेजच्या शेवटी लिहिलंय, ते ऐकू नका. कुशीवर वळलं की क्लिपा मुळं ओढतात, आणि सकाळी गुंता सोडवण्यातच मुहूर्ताची वेळ येते.