तेहतीस दिवसांची नोकरी आणि एक बरणी चटणी

चादर गेली, चटणी राहिली. म्हणजे नुसती राहिली असती तरी चाललं असतं, घरी आणून भाकरीबरोबर खाल्ली असती आणि विषय संपला असता. पण ती पण गेली, आणि कुठं गेली तर पुण्याला, वाकडला, एका अनोळखी पोराच्या फ्लॅटवर. आज चौथा दिवस आहे, मला अजून राग येतोय, आणि नक्की कुणाचा येतोय तेच ठरत नाहीये.

तर मला ग्लासगोला पार्सल करायचं होतं. एक सोलापुरी चादर, डबलची, मोर असलेली, आणि किलोभर शेंगा चटणी, उखळात कांडलेली, बोट लावलं की तेल सुटणारी. एका कुरियरवाल्याकडं गेले. दुपारी साडेबारा, मे महिना, आणि पंखा फक्त काउंटरच्या आतल्या बाजूला. काउंटरवरच्या पोरानं आधार मागितलं, मग आधारची झेरॉक्स, मग झेरॉक्सवर सही, मग इनव्हॉइस. म्हटलं अरे गिफ्ट आहे, गिफ्टचं कसलं इनव्हॉइस, तर म्हणे गिफ्टची पण किंमत लागती मॅडम, डॉलरमध्ये टाका. मैत्रिणीला द्यायच्या चादरीची किंमत डॉलरमध्ये काढत मी उभी, आणि माझ्या खांद्यावरून एकजण माझा फॉर्म वाचतोय.

हे काका. साठी ओलांडलेले, पांढरा पायजमा, खिशाला दोन पेनं आणि चष्म्याचं घर, हातात सुतळीनं करकचून बांधलेलं गाठोडं.

"ताई, ग्लासगो म्हंजे कुठं आलं?"

"स्कॉटलंड."

"कोण असतंय तिथं?"

"मैत्रीण."

"आपल्यातली?"

"नाही, तिथलीच."

"मग वळख कशी?"

इथं मी चुकले. फेसबुक म्हणायला पाहिजे होतं, माणसं फेसबुकवर गप्प बसतात. मी खरं सांगितलं, की आम्ही दोघी फ्रान्सला लँग्वेज असिस्टंट होतो.

"असिस्टंट म्हंजे कुणाच्या हाताखाली?"

आता हे मी कितव्यांदा समजावतेय. माझ्या आत्यानं अख्ख्या भावकीत सांगून ठेवलंय की पोरगी फ्रान्सला हेल्पर होती. म्हटलं काका, तिथल्या सरकारी शाळांत बाहेरच्या देशातली मुलं घेतात, इंग्रजीच्या तासाला पोरांना बोलतं करायला, मी फ्रेंच शिकलेली म्हणून मला इथून घेतलं, शिक्षक तेच असतात, आम्ही नुसत्या गप्पा मारून घ्यायच्या.

"गप्पा मारायचे पैसे?"

"हो."

"किती तास?"

"बारा."

"दिवसाला १२! लई पिळून घेतलालेत की."

"दिवसाला नाही. आठवड्याला."

स्टेपलर थांबला. काउंटरवरचा पोरगा पण बघायला लागला. काकांनी गाठोडं खाली ठेवलं, चष्मा काढला, घातला, एक पेन काढलं आणि माझ्याच आधारची जास्तीची झेरॉक्स उलटी करून घेतली. काकांचं आयुष्य अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर गेलेलं, घरी काकू विड्या वळतात, म्हणजे घरात सगळा हिशोब नगावर, इतक्या चादरी इतके पैसे, हजार विड्यांना इतके पैसे. त्या माणसासमोर मी "गप्पा" हा शब्द उच्चारला होता.

"कधीपास्नं कधीपर्यंत?"

"१ ऑक्टोबर ते ३० एप्रिल. २०२३ ते २४."

"म्हंजे आठवडे ३०. सुट्ट्या?"

इथं पण खोटं बोलता आलं असतं. पण फ्रान्सच्या शाळांना दर सहा-सात आठवड्यांनी दोन-दोन आठवडे सुट्टी असते, ऑक्टोबरच्या शेवटी, नाताळात, फेब्रुवारीत, एप्रिलमध्ये, आणि मी हे सगळं एखाद्या आरोपीसारखं घडाघडा सांगून टाकलं.

"८ आठवडे गेले. ऱ्हायले २२. बाविसा बारे २६४. आठ तासाचा एक दिवस धरा." पेन झेरॉक्सवर टेकलं. "३३. तेहतीस दिवस काम केलालाव तुमी. सात महिन्यांत."

मी आयुष्यात कधी हे गणित केलं नव्हतं. बरोबर होतं ते, हाच त्रास.

"पगार?"

"हातात ८०० युरो."

"युरो कितीला?"

"तेव्हा नव्वदच्या आसपास."

मग ७२,००० गुणिले ७, पाच लाख चार हजार, भागिले ३३. रांगेत तोवर आणखी दोन माणसं येऊन थांबली होती आणि त्यातल्या एकानं मोबाइलवर ताळा करून "पंधरा हजार दोनशे बहात्तर" असं जाहीर केलं. दिवसाला. काकांनी बायकोला फोन लावला, तेलुगूत बोलले, मला तेलुगू कळत नाही पण 'तेहतीस' मात्र मराठीत होतं आणि बोलताना ते माझ्याकडं बघत होते.

फोन ठेवला आणि म्हणाले, "मग ऱ्हायलेल्या दिवशी काय करत होता?"

"फिरत होतो."

"आन पैसे?"

"फिरण्यातच गेले."

काकांनी झेरॉक्सवर एक आडवी रेघ मारली आणि खाली भलंमोठं शून्य काढलं.

आता मला सांगा, काउंटरवर उभं राहून, मागं चार माणसं, त्यांना काय काय सांगणार. मला गाव मिळालं होतं ओरियाक. पॅरिसहून रेल्वेनं जवळपास ६ तास, डोंगरात, चीजसाठी आणि थंडीसाठी प्रसिद्ध, तिथं छत्र्या बनतात, फ्रान्समधलं छत्र्यांचं गाव म्हणून त्याचं नाव आहे. सोलापूरची पोरगी छत्र्यांच्या गावात. आपल्याकडं छत्री उन्हात लागते. आणि आम्हाला जागा दिलेली शाळेच्याच होस्टेलात, मी, ही ग्लासगोवाली आणि स्पॅनिश बोलायला आलेला एक मेक्सिकोवाला. शुक्रवारी संध्याकाळी होस्टेलची पोरं आपापल्या घरी, मेस बंद, हीटर पार बारीक करून ठेवलेला, आणि रविवारी गावात दुपारनंतर कुत्रं दिसायचं नाही. नवी पेठेत रविवारी दुकानं बंद असली तरी वडापाव तरी मिळतो हो, तिथं ब्रेडवाली बाई पण दुपारी शटर ओढायची. म्हणजे फिरणं ही चैन नव्हती, निम्म्या वेळेला तर ऊब आणि जेवण शोधत फिरायचो आम्ही. ४९ युरोचं सवलतीचं रेल्वे कार्ड काढलेलं, वर्षभर तिकिटावर ३० टक्के सूट, त्यानं तुलूज, क्लेरमाँ, डिसेंबरात ८ तारखेच्या दिव्यांना लियाँ, तिथं लोक खिडकीत मेणाचे दिवे लावतात, मला एकदम दिवाळीच आठवली आणि त्याच गर्दीत माझा एक बूट निघाला.

ग्लासगोवालीचं तर वेगळंच. शाळेनं इंग्रजीसाठी दोन असिस्टंट मागवलेले, त्यातल्या एकीचं इंग्रजी कुणाला कळायचं नाही. म्हणजे तिचं. पोरं माझ्याकडं यायची, ही काय म्हणाली म्हणून. सोलापूरच्या शाळेत घोकून घोकून शिकलेल्या इंग्रजीनं मी अस्सल इंग्रजीचं इंग्रजीत भाषांतर करायची, त्याचे वेगळे पैसे मिळायला पाहिजे होते. काकांना हे सांगितलं असतं तर त्यांनी तेही ३३ दिवसांत बसवलं असतं.

आणि नाताळ. नाताळात तिनं आम्हाला दोघांना घरी बोलावलं, तिच्या आईनं पलंग वगैरे लावून ठेवलेले. माझा फ्रान्सचा व्हिसा तिकडं चालत नाही, ब्रिटनचा वेगळा, फी तेव्हा ११५ पाउंड, ठसे द्यायला लांब शहरात जा, पासपोर्ट आठवड्यांसाठी त्यांच्याकडं. मेक्सिकोवाल्याला व्हिसाच लागत नव्हता. तो गेला. फ्रान्समधूनच निघणारे दोघं, एकाच शाळेत एकच काम करणारे, एकानं बॅग उचलली आणि गेला, आणि मी चार मजली होस्टेलात दोन आठवडे एकटी, आई रोज व्हिडिओ कॉलवर विचारायची मैत्रिणीच्या घरचे जेवायला काय देतात. मी सांगायचे, बटाटे. तिला अजून माहीत नाही. हा लेख तिला कुणी पाठवू नका.

परत येताना तिनं माझ्यासाठी शॉर्टब्रेडचा डबा आणला, आपल्या नानकटाईचा स्कॉटिश चुलतभाऊ. मी आठवडाभर उघडला नाही, फुगले होते. उघडला तो न्यूसार्ग नावाच्या स्टेशनावर. जानेवारीतला रविवार, क्लेरमाँहून परत येताना बर्फामुळं गाडी तिथंच थांबवली, पुढं बस येईल म्हणाले, वेटिंग रूमला कुलूप. मी प्रत्येक सहलीला चादर न्यायचे कारण हॉस्टेलं पांघरुणाचे वेगळे पैसे लावतात, तीच काढली आणि तिघं एका चादरीत, मेक्सिकोवाला मध्ये कारण तो सगळ्यात जास्त कुडकुडत होता. सोलापुरी चादरीला जीआय टॅग आहे, तो उगाच नाही, हे मला त्या बाकड्यावर कळलं. भूक लागली तर बॅगेत जॅमच्या बाटलीतली शेंगा चटणी आणि तो डबा. शॉर्टब्रेडवर चटणी. ऐकायला घाण वाटतं, मला पण वाटलं होतं. मेक्सिकोवाल्यानं एक घास खाल्ला आणि बोलायचाच थांबला. त्यांच्याकडं साल्सा माचा म्हणून असते, शेंगदाणे, सुकी मिरची, लसूण, तेल, त्याची आजी करायची. मग म्हणाला मिरची मेक्सिकोची, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा, म्हणजे ही चटणी आमचीच, तुम्ही नेली. मी म्हटलं तुझ्या आजीला कडक भाकरी येते का, मग बोल. तेवढ्यात आईचा फोन, सोलापुरात रात्रीचे साडेदहा, गड्ड्याची जत्रा चालू, मागं पाळण्याचा आवाज, कुणीतरी भोंग्यावर हरवलेल्या पोराचं नाव पुकारतंय, आणि ती विचारतेय, "तुमच्याकडं जत्रा नसती का गं?" बस आली तेव्हा सव्वादोन तास झाले होते आणि चादरीच्या मोरावर बशीएवढा तेलाचा डाग.

हे कुठल्या रकान्यात टाकायचं मला सांगा. परत आल्यावर पुण्यात एका कंपनीत इंटरव्ह्यूला गेले तर तिथली बाई सीव्ही बघून म्हणाली, ओके, सो धिस वॉज अ गॅप इयर? मी सात महिने शाळेत शिकवलंय बाई, गॅप तुझ्या डोक्यात आहे. असं म्हटलं नाही अर्थात. यस मॅम म्हटलं, आणि नोकरी तरीही मिळाली नाही. आता विजापूर रोडला घरी बसून सकाळी ७ वाजता ऑनलाइन क्लास घेते, नऊ पोरं, त्यातल्या सहांचे कॅमेरे बंद. आमच्या तिघांच्या ग्रुपचं नाव अजून न्यूसार्ग आहे, शेवटचा मेसेज डिसेंबरातला होता. मग गेल्या आठवड्यात एकदम ग्लासगोवालीचा, की नवीन घरात राहायला गेलेय, फार थंडी आहे, ती चादर आणि ते लाल प्रकरण पाठवशील का. मे महिन्यात थंडी. पण मी त्याच संध्याकाळी जाऊन दोन्ही घेऊन आले.

यातलं मी काकांना फक्त नाताळचं सांगितलं, का कुणास ठाऊक, त्या शून्यामुळं असेल. त्यांनी ऐकून घेतलं, पेन खिशात ठेवलं आणि म्हणाले, "म्हंजे चटणीला व्हिसा लागत नाही आन तुमाला लागतंय."

खरं सांगते, त्या क्षणी मला काका आवडले होते.

तेवढ्यात काउंटरवरच्या पोरानं बरणी उचलली, उलटी केली, झाकणाखाली बोट फिरवलं आणि आम्हाला बोट दाखवलं. लाल, चकचकीत. "हे जाणार नाही मॅडम. तेल सुटलालंय."

म्हटलं अरे तेल सुटतं म्हणूनच ती शेंगा चटणी आहे, नाहीतर तिला कूट म्हणतात. टेप लाव, पिशवीत घाल, दोन पिशव्यांत घाल. नाही. लिक्विड. मी म्हटलं हे लिक्विड आहे का, तर मागचा मोबाइलवाला म्हणाला सेमी आहे. तुम्हाला कुणी विचारलं?

"बगा," काका म्हणाले, "तिलाबी नाही मिळाला."

आणि मग अतिशय मायेनं: "मग आता ही घरी नेऊन काय करता. माझं पोरगं वाकडला असतंय, मेसचं खातंय. द्या, माझ्या गाठोड्यात टाकतो." उत्तराची वाट न बघता सुतळी सोडायला लागले. पुण्याच्या पार्सलातलं तेल त्या पोराला चाललं, वरून दोन पिशव्या पण दिल्या त्यानं. मी राहू दे म्हटलं, ते चटणीबद्दल म्हटलं होतं, काकांनी ते पैशाबद्दल धरलं. "छे छे, फुकट नको. कितीची?" तीनशे वीस. त्यांनी दोनशे काढून दिले, शंभराच्या दोन नोटा, नीट मोजून. "१२० पुढच्या टायमाला." जिनं दिवसाला पंधरा हजार कमावले तिला १२० चं काय, असं बोलले नाहीत पण ती झेरॉक्स अजून काउंटरवरच होती.

चादरीला ३,९०० लागले. चादर १,२०० ची.

आज पुन्हा जावं लागलं, आधारची झेरॉक्स कमी पडली म्हणून फोन आला होता. का कमी पडली ते मला माहितीय. पोरगा म्हणाला ते काका सकाळी येऊन गेले, निरोप ठेवलाय, चटणी पोचली, पोराला आवडली, फक्त मीठ जरा कमी होतं.

मी विचारलं, पैशाचं काही?

म्हणाला, नाही, तसं काही बोलले नाहीत.