चाफा लावताय? आधी तांब्या लपवा

देवचाफ्याची फांदी म्हणे नुसती खोचली की लागते. अगदी खरं आहे. फांदी लागायला तयारच असते, घरातली माणसं तिला लागू देत नाहीत.

माघ-फाल्गुनात झाडाची पानं झडलेली असतात, तेव्हा फांदी काढावी. अंगठ्याएवढी जाड, राखाडी सालीची, फूट-दीड फूट लांब. शेंड्याची हिरवीगार, देखणी फांदी मोह घालते. तीच आधी कुजते. कापल्यावर पांढरा चीक ठिबकतो, तो डोळ्यांत जाऊ देऊ नये. मग फांदी सावलीत आठ-पंधरा दिवस नुसती पडू द्यायची, म्हणजे जखम सुकते. ओल्या जखमेनिशी मातीत गेली की बुरशी आत शिरलीच. पण घरात वाळकी काठी पंधरा दिवस सुखरूप पडून राहणं सोपं नाही. केरवाल्या मावशींना ती कचरा वाटते, आजींना बंबाचं जळण आणि नातवाला बॅट. माझं मत विचाराल तर ती कपाटावर ठेवावी, साड्यांच्या वर नव्हे.

आठ इंची कुंडी, तळाला भोकं, निम्मी लाल माती, निम्मी जाड वाळू. शेणखत आत्ता नको. फांदी तीन-चार इंच खोल रोवून बांबूच्या काडीला घट्ट बांधावी, कारण ती हलली की नवी कोवळी मुळं तुटतात. एकदा पाणी द्यावं. पुढचं पाणी बोट दोन पेरं खुपसून माती कोरडी लागली तरच.

इथे खरा छळ सुरू होतो. मुळं धरायला सहा-आठ आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात; आणि त्याआधीच शेंड्याला दोन पानं फुटतात! ती खोडातल्या साठ्यावर फुटलेली असतात, खाली मुळांचा पत्ता नसतो. पण पानं दिसली की घरात बारसं झाल्यासारखा उत्साह संचारतो आणि येता-जाता प्रत्येक जण तांब्याभर पाणी ओततो. शिवाय एक चौकस काका मुळं आली का ते उपटून बघतात.

बुंधा दाबल्यावर मऊ लागला, काळा पडला, तर घाबरू नये. आत स्वच्छ पांढरं दिसेपर्यंत वर वर कापत जावं, पुन्हा सुकवावं, पुन्हा लावावं. फांदी वीतभर उरली तरी चालते.

पावसाळा लागला की कुंडी वळचणीच्या आत ओढून घ्यावी. घरच्यांचे तांबे लपवता येतात, पावसाचा कुठे लपवणार?