सतरा सप्टेंबरचा संप आणि चार दिवस आधीची गाडी

"त्या संपापायी वीस हजार माणसं उपाशी मेली. मग संप चुकलाच म्हणायचा ना?"

पक्याने हे विचारलं आणि नाना उसळलेच. नानांची सगळी नोकरी मध्य रेल्वेत गार्ड म्हणून गेली, १९७४च्या संपात ते होते. संपाला चूक म्हटलेलं त्यांना खपत नाही. पक्या नोकरीसाठी हॉलंडात उत्रेख्तला असतो, सुट्टीवर आलाय. हॉलंड जर्मनांच्या ताब्यात असताना तिथल्या रेल्वे कामगारांनी सतरा सप्टेंबर १९४४ला केलेल्या संपाची गोष्ट चालली होती. तिथल्या म्हाताऱ्या शेजाऱ्यांकडून ऐकलेला, संपानंतरचा १९४४-४५चा 'भुकेचा हिवाळा' तो सांगत होता. पश्चिम हॉलंडमधल्या शहरांत लोकांनी ट्युलिपचे कांदे आणि साखरबीट उकडून खाल्ले. सायकलला टायर नाहीत, तरी लोक कोसन्‌कोस शेतकऱ्यांच्या दारी जायचे आणि लग्नातल्या चादरी देऊन बटाटे आणायचे. फेब्रुवारी १९४५च्या अखेरीस माणशी रेशन दिवसाला सहाशे उष्मांकांच्याही खाली उतरलं होतं.

"अरे, पण उपाशी कुणी मारलं ते बघ ना," नाना म्हणाले. "संपाचा हुकूम लंडनहून, तिथे आसऱ्याला गेलेल्या त्यांच्याच सरकारचा. दोस्तांचं सैन्य आर्नहेमच्या पुलाकडे निघालेलं, जर्मनांची रेल्वे बंद पडायला हवी होती. तीस हजार कामगार एका रात्रीत घरं सोडून लपले. अन्नाची वाहतूक रोखली जर्मनांनी, सूड म्हणून. आणि खापर कामगारांवर फोडतोस?"

"पण जर्मनांनी स्वतःची माणसं आणून त्यांच्या गाड्या चालवल्याच ना! आर्नहेमचा पूलही हाती आला नाही. बंदी उठली तोवर कालवे गोठले, दक्षिणेचा कोळसा तुटला. आणि संप मुक्ती होईपर्यंत चालूच."

"म्हणजे आठ महिने पगार नाही, तरी एकजूट टिकली!"

"पगार मिळत होता," सर म्हणाले. सर इतिहास शिकवायचे. "वालराव्हेन व्हान हाल नावाचा बँकर होता. त्याने सरकारी बँकेतल्या खऱ्या रोख्यांच्या जागी खोटे ठेवले आणि खरे वटवून पैसा उभा केला. संपकऱ्यांची घरं त्यावर चालली. फेब्रुवारी १९४५मध्ये जर्मनांनी त्याला गोळ्या घातल्या."

नानांना हे माहीत नव्हतं. त्यांनी नाव पुन्हा विचारून घेतलं. वाद तिथेच मिटला असता, पण सरांनी विचारलं, "नाना, संप सुरू कधी झाला?"

"सतरा सप्टेंबर. पक्याच म्हणाला आत्ता."

"आणि पकडलेल्या ज्यूंना ठेवायचे त्या वेस्टरबोर्कच्या छावणीतून त्यांना घेऊन शेवटची गाडी सुटली तेरा सप्टेंबरला. चार दिवस आधी."

कुणीच काही बोललं नाही, तेव्हा सरच पुढे सांगू लागले. जुलै १९४२पासून बहुतेक दर मंगळवारी गाडी सुटायची. सरहद्दीवरच्या निउवेस्खान्सपर्यंत डच रेल्वेचे कर्मचारी ती न्यायचे, पुढे छळछावण्यांपर्यंत जर्मन. रेल्वेला भाड्याचे पैसे मिळायचे. देशातल्या साधारण एक लाख चाळीस हजार ज्यूंपैकी एक लाख सात हजारांना असं नेलं, परत आले पाचेक हजार. फ्रान्समध्ये चारातला एक ज्यू मारला गेला, हॉलंडमध्ये चारातले तीन.

नाना अडखळले. "त्यांना गाड्या कुठे जातायत ते ठाऊक नसेल."

"गाडीत म्हातारेकोतारे आणि तान्ही मुलं होती, हे तर दिसत होतं?" हे ताई बोलल्या. त्या महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणीत होत्या. "आणि रेल्वे तर शेवटी आली. आधी आमच्यासारख्यांनी याद्या करून दिल्या." याकोब लेंट्झ या डच अधिकाऱ्याने बनवलेलं ओळखपत्र त्यांना ठाऊक होतं. इतकं चोख, की खोटं करणं महाकठीण. २७ मार्च १९४३ला विलेम आरोंडेउस आणि सोबतचे पोलिसांच्या वेशात अ‍ॅमस्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयात शिरले, पहारेकऱ्यांना इंजेक्शनं देऊन झोपवलं आणि कार्डांना आग लावली. अग्निशमनवाल्यांनी मुद्दाम जास्तीचं पाणी मारून आणखी कार्डं भिजवली. "तरी बहुतेक कार्डं वाचली," ताई म्हणाल्या, "आणि आरोंडेउसला साथीदारांसकट गोळ्या घातल्या."

पक्याचं म्हणणं, हुकूम मोडायचा तर मरणाची तयारी लागते, ती सगळ्यांकडून कशी मागायची? हे खरंच आहे. पण मला राहवलं नाही. फेब्रुवारी १९४१मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या ज्यू वस्तीतून चारशेहून अधिक तरुणांना मारझोड करत पकडून नेलं. तेव्हा ट्रामवाले, गोदी कामगार आणि रस्ते झाडणाऱ्यांनी शहर बंद पाडलं. बंदी घातलेल्या कम्युनिस्ट पक्षाची पत्रकं होती, लंडनचा हुकूम वगैरे काही नव्हता. दोन दिवसांत जर्मनांनी गोळ्या घालून तो मोडला, पण ज्यूंसाठी झालेला तो संप! त्या गोदी कामगाराचा पुतळा आजही तिथे चौकात उभा आहे. माझ्या लेखी हे दोन दिवस नंतरच्या आठ महिन्यांपेक्षा मोठे. झाडूवाल्याला जे १९४१ साली कळलं, ते लंडनमध्ये बसलेल्या सरकारला १९४४पर्यंत रेल्वेला सांगावंसं वाटलं नाही, याचा मला राग येतो.

"रेल्वेवाल्यांनाही सुचलं नाही," नाना हळूच म्हणाले. "गार्डाने झेंडी दाखवल्याशिवाय गाडी हलत नाही रे. मला माहितीय ना." मग सरांकडे वळून: "पण सतरा सप्टेंबरचा संप चूक, हे मी म्हणणार नाही. उशिरा झाला म्हणून चूक होत नाही."

यावर सर आणि नाना एका बाजूला आले. पक्या मात्र भुकेने मेलेल्यांचा हिशेब सोडायला तयार नव्हता, आणि त्याच्या शेजाऱ्यांनी त्या हिवाळ्यात धाकटा भाऊ गमावला हे कळल्यावर त्याला कुणी फार अडवलं नाही. रेल्वेने २००५मध्ये माफी मागितली आणि २०१९मध्ये वाचलेल्यांना, वारसांना भरपाई जाहीर केली, हे त्यानेच सांगितलं.

"आणि सरकारने?" ताईंनी विचारलं.

"जानेवारी २०२०मध्ये. पंतप्रधान रुट्टे म्हणाले की खूप सरकारी नोकरांनी शत्रूचे हुकूम पाळले."

"पंच्याहत्तर वर्षं लागली एवढं म्हणायला," ताई म्हणाल्या. "तोवर परत आलेल्यांपैकी किती उरले होते ऐकायला?"