मनोरंजक बातमी पुढे पाठवण्याची रीत

नळाला पाणी आज येणार की परवा, हे सोलापुरात कोणी खात्रीने सांगो वा न सांगो, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला काय गंमत घडली हे मात्र घराच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सूर्योदयापूर्वी पोहोचलेच पाहिजे. हे व्रत आपण निष्ठेने पाळत आहात. तरीही काही वाचक अजून बातमी शेवटपर्यंत वाचून मग पाठवतात असे कानावर आल्याने हे मार्गदर्शन करणे भाग पडत आहे.

सर्वप्रथम तारीख काढून टाकावी. ऑस्ट्रेलियात पिकांची नासाडी करणाऱ्या इमू पक्ष्यांवर दोन लुईस मशीनगन आणि दहा हजार गोळ्या घेऊन सैन्य पाठवले गेले आणि अखेरीस हात हलवत परतले, ही बातमी १९३२ सालची आहे असे लिहिल्यास तो इतिहास होतो, आणि इतिहास पार्क चौकातसुद्धा कोणी थांबून ऐकत नाही. त्याऐवजी ‘आत्ताच हाती आलेले’ असे लिहावे. माळढोक पक्ष्यासाठी नान्नजला अभयारण्य आहे आणि तो पक्षी आता तिथे क्वचितच दिसतो, ही बातमी मात्र पाठवू नये. ती जवळची आहे आणि तिच्यात हसण्यासारखे काही नाही.

त्यानंतर बातमी निम्मी करावी. चुंबकाच्या बळावर जिवंत बेडूक हवेत तरंगवणाऱ्या आंद्रे गाइम यांना २००० साली इग नोबेल हे गमतीचे पारितोषिक मिळाले, एवढेच सांगून थांबावे. याच गृहस्थांना २०१० साली ग्राफीन या कार्बनच्या अतिपातळ पदार्थावरील कामासाठी पदार्थविज्ञानाचे खरे नोबेल मिळाले, हे सांगितले की वाचणाऱ्याच्या मनात आदर उत्पन्न होतो आणि हसण्याचा विचका होतो.

थट्टेची बातमी थट्टा म्हणून तर कधीच पाठवू नये. स्वित्झर्लंडमधले एक कुटुंब झाडावरून स्पॅगेटी, म्हणजे पिठाच्या लांब शेवया, तोडत आहे, असे बीबीसीने १ एप्रिल १९५७ रोजी दाखवले, तेव्हा हे झाड कसे लावावे अशी चौकशी प्रेक्षकांनी केली होती. आपल्या ग्रुपवरील काकांना हा मान आपण का नाकारावा? पुण्याला शिकणारी एखादी भाची ‘मामा, हे कुठे छापून आले?’ असे विचारीलच. तिला ‘आले तसे पाठवले’ एवढे कळवून अभ्यासाची चौकशी करावी.

राहता राहिली एक तांत्रिक अडचण. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारले. त्यांतले बहुतेक आपल्याच जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. अशा अफवा मोबाइलवरून गावोगाव फिरत होत्या, आणि त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. आपण नाउमेद होऊ नये. पाच ठिकाणे म्हणजे पाच माणसे नव्हेत; त्यांत ग्रुपही घ्यावा, आणि तो निवडताना सोसायटीचा ग्रुप विसरू नये, कारण तिथे माणसे जास्त असतात आणि विचारणारे कमी.